एक जूनचं बटण

प्रोग्रॅम लिहिणारी बाई दिवसभर काय करते, असं महाडच्या बाजारात मला अजून विचारतात. मी सांगते, लोक कुठली कळ कधी दाबतील याचा अंदाज बांधते. पंचवीसेक वर्षं हा धंदा केला आणि अंदाज बहुतेक वेळा चुकला. माणसं कळ दाबतच नाहीत, किंवा दोनदा दाबतात, किंवा भलतीच दाबून वर मलाच फोन करतात की तुमचा कॉम्प्युटर बिघडलाय.

एसटी डेपोपासून चालत पाच मिनिटांवर माझं दुकान आहे. दुकान म्हणजे दोन टेबलं, एक प्रिंटर, आणि पावसाळ्याचे चार महिने माळ्यावर मुक्कामाला जाणारी यंत्रं. सावित्रीच्या पुराचा भरवसा नाही, म्हणून जून लागला की सगळं वर चढतं आणि मीही वरच मान वाकवून बसते. इथूनच मी शाळांसाठी, दवाखान्यांसाठी, एकदोन रोपवाटिकांसाठी प्रोग्रॅम लिहिले. इंटरनेटवर चालणारे नव्हेत. पोलादपूरच्या वरच्या अंगाला फोन लावायला माणूस रेंज शोधत बांधावर जाऊन उभा राहतो, तिथे इंटरनेटचं काय घेऊन बसलात? माझे प्रोग्रॅम त्या त्या यंत्रातच राहतात. पडद्यावर एक खिडकी, तिच्यात भरायच्या चौकटी, खाली बटणं. त्या खिडकीला आम्ही फॉर्म म्हणतो.

आता थोडं धंद्यातलं सांगते. कंटाळू नका, पुढे लागणार आहे. असला प्रोग्रॅम सुरू झाला की वरून खाली धावत सुटत नाही. तो बसून असतो. प्रत्येक चौकटीला, प्रत्येक बटणाला मी एकेक छोटं काम नेमून दिलेलं असतं. बटण दाबलं की एक काम उठतं, चौकटीतून कर्सर बाहेर पडला की दुसरं उठतं. काही घडलं तर उठायचं, नाहीतर पडून राहायचं. जे घडतं त्याला इव्हेंट म्हणतात आणि जे उठतं त्याला हँडलर. बस, एवढंच. यावर माझं घर चाललं आणि मुलीचं इंजिनिअरिंगही झालं.

एका दवाखान्याला मी केसपेपर छापायचा प्रोग्रॅम दिला होता. तिथला कंपाउंडर प्रत्येक बटण दोनदा दाबायचा, दाराची बेल वाजवावी तसं. मी दोनदा दाबण्याचा विचारच केला नव्हता, त्यामुळे हँडलर दोनदा उठायचा आणि प्रत्येक पेशंटचे दोन केसपेपर निघायचे. आठवडाभर कुणी बोललं नाही. मी गेले तेव्हा एक म्हातारी तपासून झाल्यावर परत रांगेत बसलेली. मला म्हणाली, चांगला डॉक्टर हाय, दोनदा बघतो. दुरुस्ती दहा मिनिटांची होती, पण त्या बाईंचा विश्वास मोडताना मला जिवावर आलं.

दुसरी गोष्ट व्हेरिएबलची. व्हेरिएबल म्हणजे एखादी माहिती तात्पुरती लिहून ठेवायची जागा. ही जागा हँडलरच्या आत मांडली तर ती त्या कामापुरती. काम संपलं की पुसली जाते, दुसऱ्या कुणाला ती दिसतही नाही. पण ती बाहेर, फॉर्मवर मांडली तर सगळ्या हँडलरना दिसते, आणि कुणी बदलेपर्यंत तिच्यावर जे लिहिलंय ते तसंच राहतं. एकशिक्षकी शाळेतला फळा आठवा. चौथीचं गणित पुसलं नाही तर तिसरीची पोरं तेच उतरवून घेतात. म्हणून आमच्यात सांगतात, होता होईल तो ज्याच्या त्याच्या पाटीवर भागवा, फळ्याला हात लावू नका. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक बॅचला मी हे घसा फोडून सांगते. सांगायला काय जातं!

तर पोलादपूर तालुक्यातल्या एका जुन्या शाळेत माझा दाखल्यांचा प्रोग्रॅम होता. शाळा सोडल्याचा दाखला. तिथले लेखनिक खेडेकर, सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणायचे. अक्षर मोत्यासारखं, टाइपरायटरवर आयुष्य काढलेलं, बोटं कळीवर अशी आपटायची की कीबोर्ड टेबलावरून सरकायचा. दर वर्षी एक कीबोर्ड ते निकालात काढत. माझ्यावर त्यांची माया होती. मी गेले की फणसाच्या रसाची वाळवलेली साठं, कोकमं, काहीतरी पिशवीत टाकल्याशिवाय सोडायचे नाहीत.

त्यांची कामाची एक पद्धत होती. वरच्या वाड्यांतली माणसं एकेकटी खाली येत नाहीत. सकाळच्या एसटीने सगळी वाडी येते आणि दुपारच्या एसटीने परत जाते. मधल्या वेळात दाखले झाले तर झाले, नाहीतर आणखी एक दिवस मोडला. म्हणून भाऊसाहेब एका वाडीचे सगळे दाखले एका बैठकीत काढायचे. एकदा मला म्हणाले, "ताई, गाव तेच, तालुका तोच, जिल्हा तोच. दर माणसाला परत टाइप करायला लावता, मला काही दुसरं काम नाही का?" खरं होतं. मी घरी येऊन गाव, तालुका वगैरेंची व्हेरिएबलं हँडलरच्या आतून उचलली आणि फॉर्मवर नेऊन ठेवली. पहिल्या माणसाची माहिती भरली की पुढच्यांना ती आपोआप मिळणार. तीनचारच उचलायची होती. पण एकेक निवडायचा आळस केला आणि शेजारची सगळीच वर नेली. जन्मतारीख अक्षरात लिहिण्यासाठी जी होती, तीही त्यांत गेली.

त्यानंतर मी त्यांना एक भेट दिली. ती त्यांनी मागितली नव्हती, माझीच हौस. भाऊसाहेबांच्या जुन्या रजिस्टरांत पानामागून पान एकच जन्मतारीख होती, एक जून. त्या पिढीत पोर कधी जन्मलं ते घरात नीट कुणाला माहीत नसायचं. गुरुजी पोराला उभं करायचे, हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला पुरतो का बघायचे, अंदाजाने साल ठरवायचे आणि तारीख घालायचे एक जून. म्हणून मी दाखल्याच्या फॉर्मवर दिवस-महिन्याच्या चौकटींशेजारी एक छोटं बटण बसवलं आणि त्यावर लिहिलं "१ जून". दाबलं की दिवस आणि महिना भरतात, अंकात आणि अक्षरात, आणि कर्सर जाऊन बसतो सालाच्या चौकटीत. साल टाइप केलं की झालं. भाऊसाहेब हरखले. त्यांनी हेडसरांना बोलावून ते बटण दाखवलं, चहा मागवला, आणि अख्ख्या तालुक्याचा वाढदिवस ताईंनी एका बोटावर आणला असं शिपायालाही सांगितलं. मीही फुगले, कशाला खोटं बोलू.

दीडेक वर्षाने हेडसरांचा फोन आला. वरच्या एका वाडीतल्या सुभद्रा सकपाळ, अंगणवाडीत मदतनीस. त्यांच्या कार्यालयात वयाचे कागद तपासले जात होते. सुभद्राबाईंच्या दाखल्यावर जन्मसाल अंकात सदुसष्ट होतं आणि अक्षरात एकसष्ट. कार्यालय म्हणालं, अंक आणि अक्षर यांत फरक असेल तर आम्ही अक्षर धरतो. एकसष्ट धरलं की बाईंचं वय भरलं, येत्या एक तारखेपासून काम बंद. सहा वर्षांची नोकरी एका ओळीत गेली. नवरा नाही, मुलगा मुंबईत कुठल्याशा गोदामात, त्याचंच त्याला पुरत नाही. हेडसरांनी विचारलं, हे तुमच्या प्रोग्रॅममुळे झालं का?

मी प्रोग्रॅम उघडूनही बघितला नाही. म्हटलं, "सर, कॉम्प्युटर अक्षर अंकावरूनच काढतो. आधी एकसष्ट टाइप झालं असेल आणि नंतर कुणीतरी अंक बदलला असेल. कॉम्प्युटर असं करत नाही."

कुणीतरी म्हणजे कोण, हे सांगायची गरज नव्हती. दाखले एकच माणूस काढत होता, आणि तो त्या वेळी हेडसरांच्या समोरच बसलेला होता. फोन स्पीकरवर होता हे मला मागाहून कळलं. निवृत्तीला आठ महिने उरलेले असताना त्यांना कारणे दाखवा नोटीस मिळाली.

यात सुभद्राबाईंचं काय झालं ते बघा. शाळेने कार्यालयाला कळवलं की लेखनिकाकडून अंकात बदल झाला असण्याची शक्यता आहे, चौकशी चालू आहे. बदललेला आकडा सदुसष्टचा, म्हणजे खरं साल एकसष्टच, असा कार्यालयाने अर्थ लावला. जुनं रजिस्टर बघा म्हणावं, तर ते ज्याच्यावर संशय त्याच्याच ताब्यात. माझ्या त्या एका वाक्याने बाईंचा उरलासुरला रस्ताही बंद केला होता, आणि मी दुकानात बसून निवांत दुसऱ्या कुणाचा तरी फॉर्म रंगवत होते.

मग एके दिवशी त्या स्वतः आल्या. दोन गाड्या बदलून, छत्री, पिशवी आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला दाखला घेऊन. मला वाटलं आता रडतील. त्या रडल्या नाहीत. पाणी प्यायल्या, माळ्यावर मान वाकवून बसलेल्या मला खाली उतरायला लावलं आणि म्हणाल्या, "ताई, भाऊसायबानं खाडाखोड केलेली नाय. मी समोर उभी होते. एकदाच साल टाकलानी, नी लगेच एंटर मारलानी. मधी कायसुदा केलं नाय."

मी विचारलं, "एंटर? चौकटीतून बाहेर न पडता?"

"ता मला काय ठाव? पन साल नी एंटर. ठाक! टेबल हाललं."

मी त्यांना खुर्ची दिली, माळ्यावरचा लॅपटॉप आणि प्रिंटर खाली आणले, शाळेचा प्रोग्रॅम काढला आणि भाऊसाहेबांची बोटं आठवून त्यांच्यासारखं भरायला बसले. एक खोटी वाडी घेतली. पहिल्या माणसाचं सगळं भरलं. त्याचं साल एकसष्ट. सालानंतर त्याचं गाव, तालुका भरायचं होतं, म्हणून कर्सर सालाच्या चौकटीतून बाहेर पडला, तिथला हँडलर उठला आणि त्याने "एकोणीसशे एकसष्ट" अक्षरात लिहून ठेवलं. आता दुसरा माणूस. नाव टाकलं. गाव आधीचंच आलं, माझ्या कृपेने. एक जूनचं बटण दाबलं, कर्सर सालात जाऊन बसला, माझ्याच कृपेने. सदुसष्ट टाइप केलं. आता भरायचं काही उरलंच नाही. एंटर.

एंटर म्हणजे छापा, हे मीच ठरवलेलं. आणि एंटर मारला की कर्सर चौकटीतून बाहेर पडत नाही, जागच्या जागीच राहतो. बाहेर पडला नाही, म्हणजे सालाचा हँडलर उठलाच नाही. छापणाऱ्या हँडलरने अंक समोरच्या चौकटीतून घेतला, सदुसष्ट. अक्षर घेतलं फळ्यावरून, आणि फळ्यावर अजून पहिला माणूसच होता. व्हेरिएबल आतमध्ये असतं तर ती जागा कोरी छापली गेली असती आणि भाऊसाहेबांनी तिथल्या तिथे ओरडून मला फोन केला असता.

मी इतक्यांदा तपासलं होतं, पण तपासताना मी शहाण्या मुलीसारखी प्रत्येक चौकटीतून टॅब मारत बाहेर पडायचे. एक जूनच्या माणसांचा गठ्ठा घेऊन, दुपारच्या एसटीकडे डोळा ठेवून, ठाक करून एंटर मारणारा माणूस माझ्या डोक्यात आलाच नव्हता. आणि मी त्या माणसाकडे वर्षानुवर्षं चहा प्यायले होते.

प्रिंटरमधून कागद आला तो मी सुभद्राबाईंपुढे ठेवला. त्यांनी बोट लावून वाचला, आधी अंक, मग अक्षर. मग विचारलं, त्या दिवशी रांगेत पहिले कोण होते ते बघायचं का? आणि स्वतःच म्हणाल्या, पहिले माझे चुलतदीर. ते माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे. हे ऐकून मला हसावं की रडावं कळेना. बाईंना दिराचं वय लागलं होतं.

मी त्यांना सरळ सांगितलं, चूक माझी आहे, भाऊसाहेबांची नाही, आणि मी न बघता त्यांच्यावर ढकलली. त्या म्हणाल्या, मग असं कागदावर लिहून दे.

इथे मला मोह झाला, तो लपवत नाही. तोच प्रोग्रॅम आणखी बऱ्याच शाळांत चालू होता. गुपचूप दुरुस्त करून सगळीकडे नवी प्रत टाकली असती तर कुणाला पत्ता लागला नसता, आणि शाळेने सुभद्राबाईंना नवा दाखला दिला असता. फक्त कार्यालयाने तो मानला नसता आणि भाऊसाहेबांच्या माथ्यावर शाई राहिली असती. चहा गार होईपर्यंत मी विचार केला. मग हाताने पत्र लिहिलं. अंक बरोबर, अक्षर चूक, आणि ही चूक लेखनिकाची नसून प्रोग्रॅम लिहिणारीची, म्हणजे माझी. कुठली कळ दाबली की ती कशी होते तेही ओळीने लिहिलं. खाली सही केली आणि सगळ्या शाळांना त्याची एकेक प्रत पाठवली. दोन शाळांनी माझं काम बंद केलं. त्यांचंही काही चुकलं नाही.

कार्यालयात मी लॅपटॉप घेऊन गेले. तिथल्या बाईंनी माझ्याकडून तीनदा करून घेतलं आणि चौथ्यांदा स्वतः केलं. चारही वेळा पहिल्याचं साल दुसऱ्याला लागलं. माझा प्रोग्रॅम इतक्या इमानाने चुकताना बघून मला आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटलं. त्यांनी वरिष्ठांकडे पाठवते म्हणून सांगितलं, पण आदेश येईपर्यंत काम बंदच राहणार होतं.

दुरुस्ती दोन ओळींची होती. अक्षराचं व्हेरिएबल फॉर्मवरून काढलं आणि छापणाऱ्या हँडलरच्या आत ठेवलं. छापायच्या क्षणी चौकटीत जे दिसतंय त्यावरून अक्षर काढायचं, छापायचं, विसरून जायचं.

मग मी भाऊसाहेबांकडे गेले. त्यांना नोटीस मागे घेतल्याचं कळलं होतं. मी माफी मागितली. ते रजिस्टर पुसत होते. मग म्हणाले, "चुकायला माझ्याकडून पण चुकतं. वाईट एवढंच वाटलं, ताई, तुम्ही न बघता बोललात. मला एक फोन करून विचारायचंत." मग त्यांनीच विचारलं, ते बटण काढणार नाही ना? म्हटलं, नाही. "मग बसा," म्हणाले, आणि चहा सांगितला. फणसाचं साठ मात्र त्या दिवशी मिळालं नाही. ते पुढच्या खेपेला मिळालं.

सुभद्राबाईंच्या दिवशीच्या गठ्ठ्यातले नऊ दाखले बदलायचे होते, शिवाय आधीचेही काही निघाले. सुभद्राबाईंना परत कामावर घ्यायचा आदेश शाळेत आला त्या आठवड्यात भाऊसाहेब आणि मी सगळं घेऊन त्यांच्या वाडीकडे, कुडपणच्या बाजूला वर निघालो. पाऊस, धुकं, शेवटचा तुकडा चालत. वाटेत एक आजोबा भेटले, त्यांचं खरं साल अठ्ठावन्न, दाखल्यात अक्षरात एकसष्ट. माझ्यामुळे तीन वर्षांनी तरुण झालेले. त्यांना नवा कागद द्यायला गेले तर म्हणाले, राहू दे गो, एवढी वर्षं परत कोन देतो? भाऊसाहेबांनी जुना कागद गोड बोलून काढून घेतला, पण आजोबा काही खूश नव्हते.

मला वाटेवर एकच घोर होता. काम बंद होऊन सात आठवडे झाले होते. सुभद्राबाई एवढे दिवस घरात बसून काय करत असतील, आणि मी समोर गेल्यावर काय बोलतील? घरी गेलो तर कडी लावलेली. शेजारणीने खाली अंगणवाडीकडे बोट दाखवलं.

अंगणवाडी उघडी होती. आत बारा-तेरा पोरं ओळीत बसलेली, समोर थाळ्या, आणि सुभद्राबाई पातेल्यातली खिचडी ढवळत होत्या. सेविकाबाई कोपऱ्यात एका पोराचं नाक पुसत होत्या. भाऊसाहेबांनी विचारलं, आदेश तर या आठवड्यात आला, तुम्ही इथे कधीपासून? त्या म्हणाल्या, गेलेच नव्हते. कार्यालयानं हजेरी बंद केली, चुलीवरचं पातेलं कोन बंद करनार?

मी आदेश आणि नवा दाखला पुढे केला. हात खिचडीने भरलेले होते, त्यांनी घेतला नाही.

"पोरांना काय ठावं गो, सदुसष्ट का एकसष्ट? अकरा वाजले की येत्यात नी बसत्यात," त्या म्हणाल्या. "थांब, त्यांचं होऊ दे. मग वाचते."

आणि माझ्या हातात पळी दिली. मी दाखला पिशवीत ठेवला आणि पहिल्या थाळीपासून वाढायला लागले.